मशागत आणि राखण

(आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या ह्या मंगल दिवशीं आपण घाटावरून आणि घाटाखालून, शेतीचीं कामें बाजूस सारून, येथें एवढ्या मोठ्या संख्येनें जमलां आहांत, हें पाहून आमचें अंतःकरण भरून आलें आहे. ज्या धर्मगुरूंनीं आणि ज्या कुटुंबांनीं पन्नास वर्षांपूर्वीं हा धर्मग्राम उभा केला, त्यांचें ऋण ह्यापूर्वींच्या वक्त्यांनीं यथायोग्य शब्दांत व्यक्त केलें आहे. तेंच पुन्हा सांगून आम्ही आपला वेळ घेत नाहीं. आम्हांस आज पुढील पन्नास वर्षांविषयीं बोलावयाचें आहे, आणि त्यास एक निमित्त घडलें आहे.

ख्रिस्तमंदिरामागें नाल्याच्या कांठीं ह्या महोत्सवाचें स्मारक म्हणून एक सभागृह बांधावें, असा आपल्या धर्मग्राम-समितीचा विचार आहे. विचार चांगला आहे. नकाशा तयार आहे. परंतु त्या नकाशाप्रमाणें नाल्याकांठचे तीन जुने कडुनिंब आणि हिवर, बोर व बाभूळ ह्यांची सगळी रांग जाणार आहे. कागदावर सही आमची व्हावयाची आहे. ती करण्यापूर्वीं आपणांशीं मोकळेपणानें बोलावें, असें आम्हांस वाटलें. म्हणून हा विषय.

‘जैवविविधता’ हा शब्द आपणांपैकीं पुष्कळांच्या कानांवरून गेला असेल. शब्द नवा आहे, वस्तु मात्र आपल्या रोजच्या ओळखीची आहे. एखाद्या बांधावर बोरीचें झाड, त्यावर सुगरणीचें घरटें, बुंध्याशीं मुंगसाचें बीळ, कडेला तरोट्याची भाजी, फुलांवर मधमाशी आणि खालीं मातींत गांडूळ, अशीं हीं सर्व एकत्र नांदतात. त्या नांदण्याला विद्वानांनीं हें नांव दिलें आहे. ह्या प्रत्येकाचें दुसऱ्याशीं कांहीं ना कांहीं देणेंघेणें असतें. मधमाशी नाहींशी झाली तर भोपळ्याच्या वेलास फुलें येतात, पण फळ धरत नाहीं. हें आपल्या घरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांस कोणी शिकवावें लागत नाहीं.

जी गोष्ट ह्या स्त्रियांस ठाऊक होती, ती राष्ट्रांच्या ध्यानांत येण्यास मात्र फार काळ गेला. १९९२ सालच्या जून महिन्यांत ब्राझील देशांतील रिओ दि जानेरो येथें जगांतील राष्ट्रें एकत्र जमलीं आणि तेथें जैवविविधतेचा करार सह्यांसाठीं मांडला गेला. भारतानें तो १९९४ सालीं मान्य केला. त्या कराराचे हेतु तीनच आहेत: सृष्टींतील जीवजाति राखणें, त्यांचा बेतानें वापर करणें, आणि त्या वापरापासून होणारा लाभ न्यायानें वांटून घेणें. हे तिन्ही हेतु एकत्र धरावयाचे आहेत, हें आपण मनांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

पुढें २०१० सालीं जपानांतील नागोया येथें ह्या हेतूंस वीस उद्दिष्टांचें रूप देण्यांत आलें आणि त्यांस २०२० ही मुदत घालण्यांत आली. मुदत संपली तेव्हां संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानें हिशेब मांडला. वीसांपैकीं एकहि उद्दिष्ट पूर्णपणें साधलें नव्हतें. सहा तेवढीं अंशतः साधलीं होतीं. त्याच्या आदल्या वर्षीं, म्हणजे २०१९ सालीं, शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळानें असा इशारा दिला होता कीं, पृथ्वीवरील सुमारें दहा लक्ष जीवजाति नष्ट होण्याच्या मार्गाला लागल्या आहेत.

एवढें झाल्यावर १९ डिसेंबर २०२२ रोजीं कॅनडांतील मॉन्ट्रियल शहरीं पुन्हा ठराव झाला. त्यांत चार ध्येयें व तेवीस उद्दिष्टें आहेत, आणि मुदत २०३० ची आहे. त्यांतील कांहीं आपण ऐकावींत. पृथ्वीवरील जमीन, गोडें पाणी आणि समुद्र ह्यांचा शेंकडा तीस भाग राखावा. जी भूमि उजाड झाली आहे, तिच्यापैकीं शेंकडा तीस भाग पुन्हा सांवरण्यास हात घालावा. कीटकनाशकांपासून होणारा धोका निम्म्यावर आणावा. शेतांतून वाहून जाणारें खत निम्म्यावर आणावें. वायां जाणारें अन्न निम्म्यावर आणावें. आणि हें सर्व करितांना रानांत व रानाकांठीं राहणाऱ्या लोकांचा हक्क व त्यांचें मत मानावें. भारत सरकारनेंहि २०२४ सालीं ह्यास अनुसरून आपलीं तेवीस राष्ट्रीय उद्दिष्टें जाहीर केलीं आहेत.

आतां हा तीसाचा आंकडा आपण आपल्या जिल्ह्यास लावून पाहूं. बुलढाणा जिल्ह्याचें क्षेत्रफळ ९,६०० चौरस किलोमीटरांहून कांहींसें अधिक आहे. घाटांतील ज्ञानगंगा अभयारण्य १९९७ सालीं जाहीर झालें. तें सुमारें २०५ चौरस किलोमीटर आहे. सातपुड्यांतील अंबाबरवा अभयारण्य सुमारें १२७ चौरस किलोमीटर आहे. लोणारचें अभयारण्य चार चौरस किलोमीटरसुद्धां भरत नाहीं. तिहींची बेरीज सुमारें ३३६ होते. म्हणजे जिल्ह्याचा शेंकडा साडेतीन भाग. तीसाचा आंकडा साऱ्या पृथ्वीचा मिळून आहे. प्रत्येक जिल्ह्यानें तेवढाच भरावा, असा नियम नाहीं, हें खरें. तथापि ह्या बेरजेवरून एक गोष्ट उघड होते. सरकारी पाटी लावून राखलेलें रान आपल्याकडे थोडें आहे. उरलेल्या साडेशहाण्णव भागांत आपली कपाशी, सोयाबीन, तूर, गांवठाण, गायरान, नाले आणि बांध आहेत. जगाच्या उद्दिष्टांचें काय व्हावयाचें तें पुष्कळसें ह्या उरलेल्या भागांत ठरणार आहे, आणि तेथें वनरक्षक नाहीं, आपणच आहों.

ह्याची साक्ष एका वाघानें दिली आहे. यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांत जन्मलेल्या एका तरुण वाघाच्या गळ्यांत भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं २०१९ सालीं एक पट्टा बांधला. त्या पट्ट्यामुळें तो कोठें जातो हें कळत असे. त्याच वर्षीं पावसाळ्याच्या सुमारास तो टिपेश्वर सोडून निघाला. तेलंगणांत शिरला, परत आला, मराठवाड्याच्या हद्दींतून वऱ्हाडांत उतरला, आणि पांच महिन्यांत १,३०० किलोमीटरांहून अधिक मजल मारून डिसेंबरच्या आरंभीं आपल्या ज्ञानगंगेंत येऊन पोहोंचला. ह्या वाटेवर सलग रान नव्हतें. तो रात्रीं चाले आणि दिवसां एखाद्या झुडपांत, उभ्या पिकांत किंवा नाल्याच्या कांठीं दडून राही. लाखों माणसांच्या वस्तींतून तो आला, आणि बहुतेकांना त्याची चाहूलहि लागली नाहीं. ज्ञानगंगेंत त्यास भक्ष्य मिळालें. परंतु त्या वेळीं तेथें वाघीण नव्हती. एका अभयारण्यापासून दुसऱ्यापर्यंतची वाट मोडली, तर दोन्हीं अभयारण्यें बेटांसारखीं होतात आणि आंतील प्राणी एकटे पडतात, हें ह्यावरून समजावें.

मॉन्ट्रियलचा ठराव झाला त्याच्या आठच दिवस आधीं, ११ डिसेंबर २०२२ रोजीं, समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला. तो आपल्या मेहकर आणि सिंदखेड राजा तालुक्यांतून जातो. त्यावर कांहीं ठिकाणीं जनावरांस पलीकडे जाण्यासाठीं पुलांच्या वाटा ठेविल्या आहेत. रस्ता नको, असें आम्ही म्हणत नाहीं. आपल्यांतील किती तरी रुग्ण त्याच रस्त्यानें वेळेवर रुग्णालयांत पोहोंचतात. रस्ता बांधणारास जनावरांची आठवण राहिली, तर सभागृह बांधणारास ती राहण्यास हरकत नसावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

आतां लोणाराकडे वळूं. काळ्या खडकांत उल्कापातानें झालेलें सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें तें विवर पाहण्यास देशोदेशींचे विद्वान येतात. तेथील पाणी खारट आणि अतिशय क्षारयुक्त आहे. तरी त्या पाण्यांतहि डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म जीव सुखानें नांदतात. २०२० सालच्या जून महिन्यांत तळें एकाएकीं गुलाबी झालें, तेव्हां लोकांत नाना तर्क निघाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें पाणी तपासून सांगितलें कीं, उन्हाळ्यानें पाणी आटून खार वाढला, आणि अशा खारट पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांनीं तो रंग दिला; रंग कायमचा नव्हता. त्याच वर्षीं लोणारचें नांव रामसर यादींत दाखल झालें. इराणांतील रामसर येथें १९७१ सालीं झालेल्या करारान्वयें जगांतील महत्त्वाच्या पाणथळ जागांची ही यादी ठेविली जाते. तेथें पक्ष्यांच्या १६० जाति आढळतात, आणि लांडगाहि आहे.

लोणारची दुसरी कथा आपल्या विषयास अधिक जवळची आहे. अकबर बादशहाच्या काळच्या ‘ऐन-इ-अकबरी’ ग्रंथांत, कांच व साबण करण्यास लागणारे पदार्थ लोणारच्या परिसरांत मिळतात, अशी नोंद आहे. पुढेंहि उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे कांठावरचा खार गोळा करून विकला जात असे. म्हणजे माणसानें शेंकडों वर्षें ह्या तळ्यांतून घेतलें, तरी तळें टिकलें. अलीकडच्या काळांत धोका आला तो तळ्यांत टाकल्यानें. गांवाचें सांडपाणी, शेतांतील खतांचा अंश, आणि विवराच्या उतारावर माजलेली वेडी बाभूळ ह्यांनीं तळ्याची घडी बिघडविली. लोणारचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें वर्षानुवर्षें चालला, आणि ती बाभूळ काढण्याचा विषयहि तेथें निघाला. ही बाभूळ मूळची अमेरिका खंडांतील. ती जेथें शिरते तेथें दुसऱ्यास उभें राहूं देत नाहीं. तेव्हां हिरवें दिसेल तें सर्व राखावें, असें कोणी समजूं नये. काय राखावें आणि काय उपटावें, हें शेतकऱ्यास जसें निंदणींत कळतें, तसेंच येथेंहि कळलें पाहिजे. आपल्या नाल्याकांठची बाभूळ देशी आहे. वेडी बाभूळ तिकडे कुंपणाशीं आहे; तिच्यावर कुऱ्हाड चालविण्यास आमची सही आजच घ्यावी.

येथवर ऐकून आपणांपैकीं कांहींच्या मनांत एक प्रश्न उभा राहिला असेल, आणि तो रास्त आहे. ‘फादर, रान राखा म्हणणें सोपें आहे, पण रात्रभर जागल आम्ही करितों.’ खरें आहे. रोह्यांचा कळप एका रात्रींत हरभऱ्याचें शेत सपाट करितो. रानडुकरें तुरींत शिरलीं म्हणजे सावकाराचें व्याज थांबत नाहीं. ज्ञानगंगेच्या आसपास मोह वेंचावयास किंवा सरपणास गेलेल्या बाईस अस्वलाचें भय असतें. तें भय शहरांत बसून समजत नाहीं. अंबाबरवा अभयारण्यांतील कांहीं वस्त्यांस तर आपलीं घरें सोडून बाहेर यावें लागलें. सृष्टि राखण्याचा लाभ साऱ्या जगास मिळावा आणि तोटा मात्र रानाकांठच्या गरिबानें एकट्यानें सोसावा, ही वांटणी न्यायाची नव्हे. कराराचा तिसरा हेतु ध्यानांत ठेवा, असें आम्हीं म्हटलें होतें तें ह्यासाठीं. पिकाच्या नुकसानीची भरपाई सरकारकडून मिळण्याची तरतूद आहे. परंतु पंचनामा, अर्ज, कागद आणि खेपा ह्यांना कंटाळून पुष्कळ जण तिचा नादच सोडतात. आपल्या धर्मग्रामांतील शिकलेल्या तरुणांनीं असे अर्ज भरून देण्याचें काम अंगावर घ्यावें. तेंहि राखणच आहे.

आतां आम्हांस आमचीच एक चूक आपणांपुढें कबूल करावयाची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं आम्ही दुसऱ्या एका गांवीं होतों. तेथें ख्रिस्तमंदिराच्या दाराशीं एक प्रचंड चिंच होती, आणि पावसाळ्यांत तिच्यावर गायबगळ्यांचीं शेंकडों घरटीं असत. त्यांच्या विष्ठेनें वाट घाण होई व वास सुटे. सणाचा दिवस जवळ आला होता, पाहुणे यावयाचे होते, आणि आम्हीं फार विचार न करितां फांद्या उतरविण्यास सांगितलें. दुपारपर्यंत आंगण स्वच्छ झालें. परंतु चिखलांत पिलें पडलीं होतीं. कांहीं मेलेलीं, कांहीं चोंच उघडून पडून राहिलेलीं. वेदीसेवा करणारीं मुलें तीं टोपल्यांत गोळा करून आमच्या दाराशीं घेऊन आलीं व आतां काय करावें, असें विचारूं लागलीं. आमच्याजवळ उत्तर नव्हतें. संध्याकाळपर्यंत एकहि पिलूं वांचलें नाहीं. शेजारचे एक वृद्ध शेतकरी एवढेंच म्हणाले, ‘फादर, हीं पांखरें आमच्या नांगरामागें किडे वेंचीत होतीं.’ दुसऱ्या वर्षीं बगळे त्या झाडाकडे फिरकले नाहींत. फांद्या दोन महिन्यांनीं उतरविल्या असत्या, तर वाटहि स्वच्छ झाली असती आणि पिलेंहि उडून गेलीं असतीं. आम्हांस थांबतां आलें नाहीं, एवढाच आमचा अपराध; परंतु तो लहान नाहीं.

ह्यानंतर पवित्र शास्त्रांतील एक जुना नियम आम्हांस नव्यानें दिसूं लागला. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत असें सांगितलें आहे कीं, वाटेंत पक्ष्याचें घरटें सांपडलें आणि त्यांत अंड्यांवर किंवा पिलांवर आई बसलेली असली, तर तिला पिलांसकट घेऊं नये. आईस जाऊं द्यावें. घेण्यास तेथें मनाई नाहीं. परंतु पुन्हा घरटें होण्याची सोय मोडूं नये, असा तो नियम आहे. ‘बेतानें वापर’ ह्या शब्दांनीं आज राष्ट्रें जें सांगतात, तें ह्याहून फारसें निराळें नाहीं. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायांतहि मनुष्यास बागेंत ठेविलें तें दोन कामांसाठीं: मशागत करण्यास आणि राखण्यास. आपण मशागतीचें काम उत्तम शिकलों आणि राखणीचें काम दुसऱ्यावर सोंपविलें. परमगुरुस्वामी पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकांत पृथ्वीला आपलें सर्वांचें सामायिक घर म्हटलें, आणि तिचें दुःख व गरिबांचें दुःख वेगळें काढतां येत नाहीं, असें निक्षून सांगितलें. रानाकांठच्या जागलींत हें आपणांस रोज दिसतें.

मग आपण करावें काय? आम्ही तीन गोष्टी सुचवितों.

पहिली गोष्ट नोंदवहीची. २००२ सालच्या जैवविविधता कायद्यान्वयें प्रत्येक ग्रामपंचायतींत एक जैवविविधता समिति असते, आणि गांवांतील झाडें, पिकांचीं वाणें, जनावरें व औषधी वनस्पति ह्यांची माहिती लोकांस विचारून एका नोंदवहींत लिहावी लागते. आपल्या आजीबाईंस चिवळ, घोळ, करटुलीं, तरोटा केव्हां उगवतात, कोणतें कोंवळें घ्यावें आणि कोणतें बियांसाठीं ठेवावें, हें तोंडपाठ आहे. त्यांच्याबरोबर तें ज्ञान जाऊं देऊं नये. शाळेंतील मुलांनीं त्यांच्यापाशीं बसून लिहून घ्यावें आणि तें ग्रामपंचायतीच्या स्वाधीन करावें.

दुसरी गोष्ट आजच्या जेवणावळीची. अन्नाची नासाडी निम्म्यावर आणावी, हें उद्दिष्ट आपण २०३० पर्यंत थांबून गांठण्याचें कारण नाहीं. पानांत घ्याल तें संपवा. वाढणाऱ्यांनींहि आग्रह आंवरावा.

तिसरी गोष्ट सभागृहाची. तें बांधावें, परंतु नाल्यापासून पंधरा पावलें अलीकडे, रस्त्याच्या बाजूस घ्यावें, अशी आमची सूचना आहे. असें केल्यानें काय जाईल, तेंहि आम्ही लपवीत नाहीं. वाहनें उभीं करण्याची जागा अर्ध्यावर येईल, आणि लग्नकार्यास आलेल्या पाहुण्यांस मोटारी रस्त्यापलीकडे लावाव्या लागतील. नकाशा पुन्हा काढावा लागेल आणि खर्च कांहीं वाढेल. त्या बदल्यांत तीन कडुनिंब आणि नाल्याची कांठपट्टी राहील. तेथें वाघ येईल, असें आश्वासन आम्ही देत नाहीं. परंतु मुंगूस, होला, सुगरण आणि मधमाशी तेथें आजहि आहेत, आणि पावसाळ्यांत नाला भरून आला म्हणजे त्याच झाडांचीं मुळें आपल्या कांठाची माती धरून ठेवितात. जागा धर्मग्रामाची आहे, एकट्या आमची नाहीं. म्हणून येत्या रविवारीं मिस्सानंतर समितीची सभा सर्वांसाठीं खुली ठेविली आहे. आपण यावें, आमच्या सूचनेविरुद्ध बोलावयाचें असेल तर तेंहि बोलावें. सर्वांचें ऐकून घेतल्याशिवाय आम्ही त्या कागदावर सही करणार नाहीं.

पन्नास वर्षांपूर्वीं ज्यांनीं ते तीन कडुनिंब उभे राहूं दिले, त्यांनींहि मंदिर बांधलें होतें, आणि त्यांच्यापाशीं पैसा आपल्याहून पुष्कळ कमी होता. आज आपण सारे त्याच सांवलींत बसलों आहों. परमेश्वर आपणां सर्वांस, आपल्या शेतांस व गुरांस, आणि आपल्या बांधावरील लहानमोठ्या सर्व जिवांस सुखरूप ठेवो.